काटेवाल्या भाऊंचं गोणपाट

एसीत गॅस भरायला म्हणून बोलावलेला माणूस दारातच उभा राहून घरातल्या प्रत्येकाला "काल दुपारी अडीच वाजता तुम्ही कुठं होते?" असं विचारायला लागला, तर त्याला आत घ्यावं की वाटेला लावावं, हे मला पहिल्या दिवशी कळेना. बाहेर मे महिन्याचं ऊन, आतल्या खोलीत माझ्या नवऱ्याचा ताप एकशे एकच्या वर, आणि हे गृहस्थ अंगात पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर, डोक्याला पांढरा दुपट्टा, काखेत फडक्यात गुंडाळलेला वजनकाटा, अशा थाटात माझी जबानी घेत होते.

"घरीच होते. यांच्याजवळ," मी म्हटलं.

"साहेब?"

"ते कुठं जाणार?" माझा आवाज चढला.

"माय, तुम्ही?"

"म्या गच्चीवर होतो," सासूबाई म्हणाल्या. "कुरडया राखून राह्यलो होतो. कावये सोडतेत का?"

त्यांनी मान हलवली आणि सरळ जिना चढून गच्चीवर गेले. पाणी नको, चहा नको. पाच मिनिटांनी मी वर गेले, तर हे एसीच्या बाहेरच्या डब्यासमोर रणरणत्या उन्हात उकिडवे बसलेले. डब्याच्या नळ्यांना दोन थर्मामीटर बांधले होते आणि त्यांच्याकडे नुसतं पाहत होते. मी विचारलं, किती वेळ लागेल? तर म्हणाले, "वीस मिनिटं काईच करायचं नाई. मशीनले आपली चाल धरू द्या. तुम्ही बी बोलू नका."

मी शाळेत शिकवते. मला गप्प बसायला सांगणारा माणूस नांदुऱ्यात तोवर जन्मला नव्हता.

गावात त्यांना सगळे काटेवाले भाऊ म्हणत. आधी ते बाजार समितीत मापारी होते. कापूस, तूर, सोयाबीन तोलण्यात निम्मं आयुष्य गेलं. मग कुणाच्या तरी हाताखाली फ्रिज आणि एसीचं काम शिकले, पण मापारीपण काही सुटलं नाही. बाकीचे मेकॅनिक मीटर लावतात, काटा हलला की म्हणतात झालं. भाऊंचा त्या मीटरवर विश्वास अर्धाच. ते गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस भरत आणि भरताना मोठ्यानं मोजत. तेही एकपासून नाही. बाजारात धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. भाऊंचंही तसंच. दर पन्नास ग्रॅमला एक हाळी. "लाभ... दोन... तीन..." आमच्या गल्लीतली पोरं भिंतीवर चढून ऐकायची.

'गॅस मारा' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. एका वकिलाच्या बंगल्यावर वकीलसाहेब नुसतं म्हणाले, "जरा थोडा मारून द्या ना." भाऊंनी पाना पिशवीत टाकला आणि उठून चालू लागले. फाटकापाशी वळून म्हणाले, "गॅस काई पेट्रोल होय का संपाले? कमी झाला म्हंजे कुठून तरी गेला. कुठून गेला ते पाहू का नको पाहू?" बाजारातून भाजी आणली की ती घरी तोलत. कमी भरली तर गप्प बसत, जास्त भरली तर दोन टमाटे परत नेऊन देत. "जादा आलेलं बी चुकलेलंच होय," म्हणत. भाजीवाली त्यांना टाळायची.

बरं, थंडीचा धंदा करणाऱ्या या माणसाला थंडी मुळीच सोसत नसे. एसीच्या खोलीत ते पाऊल ठेवत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून स्वेटरची वरची गुंडी लावत बोलत. आणि आमच्या घरापुरती त्यांची आणखी एक तऱ्हा होती. दर मार्चमध्ये मशीन तपासून झालं, की ते माझ्या सासूबाईंकडून एक गोणपाट मागून नेत. जुनं, फाटकं, कसंही. गोणपाट काखेत मारून सायकलवर निघालेले भाऊ पाहिले की मी यांना म्हणायची, "गेले बघा तुमचे मित्र वसुली करून."

हे हसायचे. हे म्हणजे माझे यजमान. जिनिंगवर सुपरवायझर होते. वडनेर भोलजीहून येताना मोटरसायकल घसरली आणि मानेवर आपटले. जीव वाचला, पण मानेखालचं सगळं अंग गेलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाले, यांच्या अंगाला आता घाम येणार नाही. खोली जेवढी तापेल तेवढे हे तापतील, खोली गार पडली तर हे गार पडतील. तुम्हाला औषधापेक्षा खोली सांभाळायची आहे.

आता बुलढाणा जिल्ह्यात खोली सांभाळायची! जिथं मे महिन्यात नळाचं पाणी अंगावर घेता येत नाही आणि डिसेंबरात पहाटे दात वाजतात. आम्ही दागिने मोडून गरम आणि थंड दोन्ही करणारा एसी घेतला, स्टॅबिलायझर घेतला, बॅटऱ्या घेतल्या. आणि मग सुरू झालं माझं कान लावून बसणं. वर गच्चीवर त्या डब्याची घरघर चालू असली की मी माणसात. घरघर थांबली की माझं कशात लक्ष नाही. मशीन खोलीचं तापमान धरून आपोआप थांबतं आणि चालू होतं, हे मला माहीत होतं, तरी दर वेळी हातातलं टाकून मी थर्मामीटर घेऊन धावायची. आज इतकी वर्षं झाली, वर्गात फळ्यावर लिहिताना पंखा बंद पडला तरी माझा हात थांबतो.

त्या पहिल्याच मे महिन्यात मशीन दुपारी बंद पडायला लागलं. वेळ ठरलेली, दोन ते तीनच्या मध्ये. पडद्यावर काहीतरी अक्षरं लुकलुकायची आणि वरची घरघर थांबायची. अर्ध्या तासात खोली भट्टी. मी यांच्या कपाळावर, मानेवर ओल्या पट्ट्या ठेवायची, टेबलफॅनपुढे बर्फाची परात ठेवायची, आणि पारा चढताना पाहायची. ताप शंभरवर गेला, एकशे एक झाला. हे डोळे मिटून पडलेले असायचे आणि मधेच म्हणायचे, "तू बस न जरा." बसू कशी?

लागोपाठ तीन मेकॅनिक येऊन गेले. संध्याकाळी येत, मशीन चालू करत, चालायचं. "गॅस कमी हाय मॅडम," म्हणून थोडा थोडा मारून जात. दुसऱ्या दिवशी अडीचला पुन्हा ठप्प. तिसरा तर म्हणाला, हे मॉडेलच असं असतं. तेव्हा कुणीतरी काटेवाल्या भाऊंचं नाव सांगितलं.

तर, वीस मिनिटांनी भाऊ खाली आले आणि म्हणाले, "अंदाज सांगत नाई. सगळा गॅस काढून तोलावं लागीन. दोन तास मशीन बंद. उद्या पहाटे येतो, थंड्या टायमाले."

माझा जीव दोन मिनिटं बंद सहन करत नव्हता, आणि हा दोन तास म्हणतो! मी नाही म्हणणार होते. पण भाऊ उंबऱ्यापाशी गेले आणि त्यांनी यांना विचारलं, "साहेब, गालाले कसं लागते आत्ता?"

यांनी डोळे उघडले. अपघातापासून घरी येणारा प्रत्येक माणूस यांच्याबद्दल मला विचारायचा. जेवतात का, झोपतात का. यांना कुणी विचारत नसे. "डाव्या गालाले थंड लागते, उजव्याले नाई," हे म्हणाले.

"म्हंजे वारं एकाच अंगानं येऊन राह्यलं. झडप वाकडी असन." त्यांनी खरंच मला झडप सरळ करायला लावली, स्वतः आत आले नाहीत. "हे तिसरं थर्मामीटर," यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले. "दोन माह्याजवळ हायेत. तिन्ही जुळले पाह्यजेत." हे त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसले. मी हो म्हटलं.

पहाटे पाचला भाऊ आले. सासूबाईंची खाली वंदना चालू होती आणि वर गॅस एका रिकाम्या सिलिंडरात ओढला जात होता. मी यांच्याजवळ बर्फ घेऊन बसले आणि वरून हाळी ऐकत राहिले. "लाभ... दोन... तीन..." मशीनच्या पाटीवर नऊशे पन्नास ग्रॅम लिहिलेलं, म्हणजे एकोणीस हाळ्या व्हायला हव्या होत्या. हाळ्या एकोणिसावर थांबल्या नाहीत. वीस, एकवीस. चोवीसवर थांबल्या.

भाऊ खाली येऊन म्हणाले, "पाव किलो जादा."

मला वाटत होतं जास्त गॅस म्हणजे जास्त थंड. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. म्हणाले, "मॅडम, हे मशीन म्हंजे हमाल होय. उन्हायात घरातली गरमी पाठीवर घेते न बाहीर टाकते, हिवायात बाहीरची आत आनते. हमालाच्या पाठीवर किती पोते द्यायचे ते ठरेल राह्यते. कमी देलं त खेपा वाया, जादा देलं त खाली बसते. तिघाजनाईनं दया करून करून त्याले बसवलं."

मग एकोणीस हाळ्या देऊन गॅस भरला. एकोणीसला झडप बंद. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करनं काहीतरी लिहिलं, चार स्क्रू पिळले, आणि पुन्हा वीस मिनिटं नुसते पाहत बसले. तिन्ही थर्मामीटर जुळले. त्या दुपारी मशीन चाललं. दुसऱ्याही. मी दोन रात्री झोपले.

तिसऱ्या दुपारी, दोन वाजून चाळीस मिनिटांनी, घरघर थांबली.

त्या दिवशी ताप एकशे तीन झाला. यांची जीभ जड झाली, बोलता बोलता शब्द सुटायला लागले. मी फोनवर भाऊंना काय बोलले ते मला आठवत नाही. ते पंधरा मिनिटांत सायकल दामटत आले. तोवर मशीन थंड होऊन परत चालू व्हायला तयार होतं, आणि त्यांनी बटण दाबल्याबरोबर शहाण्यासारखं चालू झालं. भाऊ त्याच्याकडे पाहत उभे राहिले. त्यांचा चेहरा असा पडला होता, की माझं तोंड तेवढ्यापुरतं मिटलं. "उद्या पुन्हा तोलतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या पहाटे पुन्हा सगळा गॅस काढला, तोलला, भरला. त्या दिवशी मला हाळ्या ऐकू आल्या नाहीत. यांना रात्रभर झोप नव्हती आणि मी यांच्या उशाशीच डोकं टेकलं होतं. भाऊ घरी गेले नाहीत. सासूबाईंनी नंतर सांगितलं, तो पाण्याच्या टाकीमागं सावलीत जाऊन बसला आणि दिवसभर तिथंच होता. दहा वाजता भाकर दिली तर नको म्हणाला.

अडीच वाजता माझं काळीज घड्याळाच्या काट्याला बांधलेलं. अडीच झाले. पावणेतीन झाले. घरघर चालू होती. तीन वाजता भाऊ खाली आले. उन्हानं चेहरा काळवंडलेला, स्वेटर घामानं भिजलेला, काखेत वजनकाटा आणि एक गोणपाट.

"मॅडम, चूक माही होती," उंबऱ्याबाहेर उभं राहून ते म्हणाले. "त्या दिवशी मी पन्नास ग्रॅम जादा भरलं. आज सकायी कमी केलं. आता बंद नाई पडनार."

खरं सांगते, चांगली बाई असती तर म्हणाली असती, असू द्या भाऊ, निघाली ना चूक. मी तसली नाही. गेल्या तीन आठवड्यांची भीती माझ्या जिभेवर येऊन बसली होती आणि तिला समोर एक माणूस मिळाला. "पन्नास ग्रॅम?" मी म्हटलं. "काल हा माणूस गेला असता! तुमच्या पन्नास ग्रॅमपायी मी आज पांढऱ्या कपाळानं बसले असते. तोलायची एवढी फुशारकी, आणि तोलता येत नाही? बाजारात तूर तोलत होता तेच बरं होतं, माणसांच्या घरात शिरलात कशाला?"

आतून हे म्हणाले, "अगं..." मी ऐकलं नाही.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "माय, हे गोणपाट मी नेतो हां." आणि गेले.

मी तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण शाळा उघडल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी हा किस्सा रंगवून सांगितला, हाळीची नक्कल करून. दोन घरांनी भाऊंना बोलावणं बंद केलं हे मला पुढं कळलं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

मशीन मात्र त्या दिवसानंतर दुपारी कधी बंद पडलं नाही. राग ओसरल्यावर मीच भाऊंना पुन्हा बोलावलं. माफी वगैरे मागितली नाही. जणू मीच त्यांना माफ केलं होतं, असा माझा तोरा. ते येत राहिले. थंडीत एकदा डब्यावर बर्फाची पांढरी साय धरली, मी घाबरून फोन केला, तर म्हणाले, "बाहीरची गरमी पाठीवर घेऊन राह्यला तो. पाठ थंडी पडनारच. पाच मिनिटात स्वताच झटकते पाहा." आणि खरंच झटकली. दर मार्चला ते येत, थर्मामीटर बांधत, वीस मिनिटं बसत, उंबऱ्यावरून "साहेब, गालाले कसं?" विचारत, झाकणाच्या आत काहीतरी लिहीत, आणि सासूबाईंकडून गोणपाट मागून नेत. सासूबाई ते आधीच धुऊन, घडी घालून ठेवत. "बिचाऱ्याच्या घरी रांजनावर टाकाले गोणपाट नाई," म्हणत.

मग दोन वर्षं भाऊ आले नाहीत. गुडघे गेले, सायकल सुटली, आणि ते पोरीकडे दुसरबीडला राहायला गेले, असं कळलं. मशीन चाललं होतं, म्हणून मीही कुणाला हात लावू दिला नाही. या वर्षी मात्र पंख्यातून आवाज यायला लागला, म्हणून मलकापूरहून एका मेकॅनिकला बोलावलं. जाणता माणूस होता. त्यानं चार स्क्रू काढून झाकण उलटं केलं आणि वाचत उभा राहिला.

"मॅडम, हे गोणपाटाचं काय हो?"

मी जवळ जाऊन पाहिलं. काळ्या मार्करचं, मापाऱ्याचं टपोरं अक्षर.

'पाटी ९५०. निघालं १२००. भरलं ९५०.'

त्याच्याखाली, 'पुन्हा तोललं. निघालं ९५०. बरोबर होतं. भरलं ९५०.'

त्याच्याखाली, 'वर गोणपाट. काढलं. नेलं.'

आणि मग एकाखाली एक, दर वर्षाची ओळ. 'तपासलं. बरोबर. गोणपाट नेलं.'

"निघालं नऊशे पन्नास," मी दोनदा वाचलं. पन्नास ग्रॅम जादा कुठं होतं?

मेकॅनिक सांगत होता, "उन्हायात निम्मे मशीन याच्यानंच बंद पडतेत. मायबहिनी थंड राह्याले पाह्यजे म्हनून वलं गोणपाट टाकतेत वर. वलं हाय तोवर ठीक. दोन घंट्यात वायते, डब्ब्याले चिपकते, वारं बंद. मंग तापून बसते बिचारं."

मी जिना कशी उतरले आठवत नाही. सासूबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, दोन पाकळ्या हातात घेतल्या, आणि होईल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आई, त्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही मशीनवर गोणपाट टाकत होत्या का?"

"हाव," त्या म्हणाल्या. "बाराले कुरडया उलटाले जावो, तवा रांजनावर टाकतो तसं वलं करून टाको. तू त्याच्या कपायावर पट्टी ठेवत होती न, म्हटलं, आपन ह्याच्या कपायावर ठेवू. गरम फेकून राह्यला होता न तो."

"मग आम्हाला कधी दिसलं नाही ते?"

"कोनी मेकॅनिक येनार असला का काढून घेवो. लोकाईसमोर फाटकं गोणपाट बरं दिसते का? भाऊनं पयल्यांदा तोललं तवा दोन दिस मशीन बरं होतं म्हनून नाई टाकलं, तिसऱ्या दिवशी ऊन लय चढलं त टाकलं. मंग दुसऱ्या दिवशी मले वाटलं भाऊ घरी गेला, म्हनून टाकलं, त त्यानं टाकीमागून पाह्यलं. म्हने, माय, आता माह्या हातचा तोल हाय, आता त्याले पट्टी नाई लागत. हे गोणपाट मले द्या, माहा रांजन उघडा हाय. देलं." त्यांनी पुढचा लसूण उचलला. "माह्यानं जेवढं झालं तेवढं म्या केलं, बाई. पन मशीन काई सुदरत नवतं. तो भाऊ आला म्हनून माहा पोरगा वाचला."

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. माझ्या जिभेवर नेहमीच वाक्य तयार असतं. एकशे तीन ताप, जड झालेली जीभ, ते तीन आठवडे, सगळं त्या एका वाक्यात आलं असतं. समोर सत्तरी ओलांडलेली बाई लसणाची साल फुंकून उडवत होती. मी दात आवळून धरले. मला त्या क्षणी भीती वाटली ती माझीच.

चार दिवसांनी नणंद यांच्याजवळ बसायला आली, तेव्हा मी दुसरबीडला निघाले. सासूबाईंना नुसतं सांगितलं, भाऊंना भेटून येते. त्या लगबगीनं आत गेल्या आणि धुतलेलं गोणपाट पिशवीत घालून घेऊन आल्या. "दोन साल झाले, नेलं नाई त्यानं. देजो."

खामगाव, मेहकर अशा दोन गाड्या बदलत मी ते गोणपाट मांडीवर घेऊन गेले. भाऊंच्या पोरीचं रस्त्याला लागून किराणा दुकान होतं. पायरीवर उन्हात, तोच स्वेटर घालून, भाऊ कांदे तोलत बसले होते. बरेच थकले होते. मला पाहून दुपट्टा सावरला. पोरगी म्हणाली, "बसा ना मॅडम. बाबा तोलाया बसले की गिऱ्हाईक पळतंय. एक कांदा जास्त जाऊ देत नाहीत अन् कमी बी जाऊ देत नाहीत."

"साहेबाच्या गालाले कसं हाय?" भाऊंनी विचारलं.

"बरं आहे." मग मी म्हटलं, "झाकणाच्या आतलं वाचलं, भाऊ."

त्यांचा हात थांबला. "कोनं उघडलं?"

"मलकापूरचा मेकॅनिक आला होता."

"स्क्रू चारी लावले का त्यानं?"

"भाऊ, त्या दिवशी वजन बरोबर होतं."

"वजन बरोबरच होतं," ते म्हणाले. तोंडानं त्यांनी मला खोटं सांगितलं होतं, पण मार्करनं खोटं लिहिणं त्यांना जमलं नव्हतं, आणि आताही जमेना.

"मग मला का सांगितलं तसं? मी तुम्हाला काय काय बोलले. गावभर बोलले. तुमची गिऱ्हाईकं तुटली."

त्यांनी तागडीतला एक कांदा काढला, दुसरा लहान टाकला. "तुम्ही मले बोलल्या, मी घरी गेलो, जेवलो, झोपलो. तेच मायले बोलल्या असत्या, त ते कुठं गेली असती? तिले त त्याच घरात राहाचं होतं. त्याच पोराच्या खाटेजोळ बसाचं होतं."

मला रडू कोसळलं. भर रस्त्यावर, दुकानाच्या पायरीवर, गिऱ्हाईक समोर उभं असताना मी रडले. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय ओढून घेतले. "थांबा मॅडम, तोल हलते," म्हणाले.

डोळे पुसून मी पिशवीतून गोणपाट काढलं. "आईंनी पाठवलं."

भाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, झटकलं, शिवण पाहिली. धुतलेल्या तागाचा वास आला.

"तुमच्याकडे रांजण आहे का हो?" मी विचारलं.

"कधीच नवता," ते म्हणाले. "पयलेपासून फ्रिज हाय."

मी दुकानात डोकावून पाहिलं. कांदे, लसूण, आलं, सगळं गोणपाटांवर पसरलेलं होतं. आमच्याच घरची ती, ओळखू येत होती. सासूबाई कडेला लाल दोऱ्याची टीप घालतात.

"मायले सांगतलं तुम्ही?" भाऊंनी हळूच विचारलं.

"नाही."

त्यांनी गोणपाटाची घडी घातली आणि ती शेजारी ठेवून पुढचा कांदा उचलला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. वर घरघर चालू होती. मी आधी यांच्या गालाला हात लावून पाहिला, मग ओसरीवर आले. सासूबाई वाट पाहत होत्या.

"घेतलं का त्यानं?"

"घेतलं. म्हणाले, आईचं गोणपाट लय कामात येते."

"म्या म्हटलं नवतं?" त्यांचा चेहरा फुलला. कोपऱ्यात साखरेचं एक रिकामं पोतं पडलं होतं, ते त्यांनी पुढं ओढलं आणि उसवायला घेतलं. "मंग पुढच्या सालचं आत्ताच करून ठेवतो."

मी डब्यातला लाल दोरा काढला, सुईत ओवला आणि त्यांच्या हातात दिला. "करा," मी म्हटलं. "मीच नेऊन देईन."